ड्रॅग शर्यतीच्या मोटारीतील गिअरबॉक्स-बदल

ड्रॅग शर्यतीच्या मोटारीविषयी बोलताना सारे कौतुक इंजिनाच्या वाट्याला येते. किती अश्वशक्ती, किती घनसेंटिमीटर, सुपरचार्जर आहे की टर्बो, याचीच चर्चा होते. परंतु इंजिनाने निर्माण केलेली शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचते ती गिअरबॉक्समधून. हा दुवा कच्चा राहिला, तर हजार अश्वशक्तीचे इंजिनही आरंभरेषेवरच हतबल होते. प्रसंगी ते चालकाच्या जिवावर बेतते. म्हणूनच मोटारीबरोबर कारखान्यातून आलेला गिअरबॉक्स काढून त्या जागी दुसराच गिअरबॉक्स बसविणे, हे अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या जगात नित्याचे काम होऊन बसले आहे. वरवर पाहता ही चार बोल्टांची अदलाबदल वाटते. प्रत्यक्षात त्यामागे गणित, धातुकाम आणि सुरक्षिततेची कडक शिस्त असते.

शर्यतीचे स्वरूप

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ धावपट्टीवर, उभ्या स्थितीतून सुरुवात करून, दोन मोटारींनी ठरावीक अंतर कापण्याची स्पर्धा. हे अंतर परंपरेने पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर असते. अनेक ठिकाणी त्याच्या निम्म्या अंतराच्याही शर्यती होतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' अर्थात एनएचआरए ही या खेळाची अमेरिकेतील प्रमुख नियामक संस्था होय. २००८ च्या जून महिन्यात न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या चालकाचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर 'टॉप फ्युएल' आणि 'फनी कार' या सर्वांत वेगवान गटांसाठी अंतर १,००० फुटांपर्यंत कमी करण्यात आले.

या खेळात भाग घेणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग हौशी स्पर्धकांचा आहे. ते प्रामुख्याने 'ब्रॅकेट' पद्धतीच्या शर्यतीत उतरतात. या पद्धतीत प्रत्येक चालक आपली मोटार किती सेकंदांत अंतर कापील हे आधीच जाहीर करतो. संथ मोटारीला तेवढ्या फरकाने आधी सोडले जाते. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा चालक सामान्यतः बाद होतो. साहजिकच येथे निव्वळ वेगापेक्षा सातत्याला महत्त्व येते. सकाळी, दुपारी आणि रात्री मोटारीने सेकंदाच्या शतांशापर्यंत तीच वेळ द्यावी, अशी अपेक्षा असते. गिअरबॉक्स बदलण्यामागील एक मोठे कारण या अपेक्षेत आहे.

जुन्या गिअरबॉक्सचे नवे आयुष्य

ड्रॅग शर्यतीत हाताने गिअर बदलण्याची पद्धत श्रेष्ठ, असा समज प्रारंभीच्या काळात रूढ होता. १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल मोटारींबरोबर बाजारात आलेल्या 'हायड्रामॅटिक' या स्वयंचलित गिअरबॉक्सने तो हळूहळू बदलला. हायड्रामॅटिकला चार गिअर होते आणि योग्य फेरफार केल्यावर तो बराच भार सोसतो, हे शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्यांच्या लक्षात आले. पुढे जनरल मोटर्सचे दोन गिअरबॉक्स या क्षेत्रात विशेष मान्यता पावले. पहिला 'पॉवरग्लाइड'. शेव्हरोलेने तो १९५० मध्ये आणला, १९६२ मध्ये त्याचे अॅल्युमिनियमचे हलके रूप आले आणि १९७३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. दुसरा 'टर्बो हायड्रामॅटिक ४००', जो १९६४ सालच्या कॅडिलॅक व ब्युइक मोटारींपासून वापरात आला. फोर्डचे 'सी ४' व 'सी ६' आणि क्रायस्लरचा 'टॉर्कफ्लाइट ७२७' हे याच पिढीतील इतर नामवंत.

यांपैकी पॉवरग्लाइडची कथा नवलाची आहे. त्याला पुढे जाण्यासाठी अवघे दोन गिअर. रोजच्या वापरात हे वैगुण्य ठरले आणि तीन गिअरच्या गिअरबॉक्सनी त्याला रस्त्यावरून हटविले. शर्यतीत मात्र हेच वैगुण्य गुण ठरले. संपूर्ण धावेत गिअर एकदाच बदलायचा असल्याने चूक होण्याची संधी एकदाच. वजन कमी, फिरणारे भाग कमी, त्यामुळे वाया जाणारी शक्तीही कमी. त्याचे मूळ उत्पादन बंद होऊन पन्नासहून अधिक वर्षे उलटली आहेत. तरीही त्याचे बाह्य कवच, दांत्यांचे संच, शाफ्ट, क्लचचे ड्रम असे जवळजवळ सर्व भाग आज शर्यतीसाठी नव्याने आणि मुळापेक्षा कितीतरी मजबूत बनविले जातात. अनेक मोटारींतील तथाकथित पॉवरग्लाइडमध्ये शेव्हरोलेच्या कारखान्यातून निघालेला एकही सुटा भाग नसतो.

आधी गणित, मग पाना

गिअरबॉक्स निवडताना पहिला विचार गुणोत्तरांचा करावा लागतो. टर्बो ४०० ची तीन गुणोत्तरे २.४८, १.४८ व १.०० अशी आहेत. पॉवरग्लाइडच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर मुळात १.७६ किंवा १.८२ असे असे आणि दुसरा गिअर थेट, म्हणजे १.०० चा.

एक उदाहरण घेऊ. मोटारीची मागची चाके २८ इंच व्यासाची आहेत, मागील आसाच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१० आहे आणि इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत सुरक्षितपणे फिरते. थेट गिअरमध्ये चाके मिनिटाला सुमारे १,७०७ वेळा फिरतील आणि मोटारीचा वेग ताशी २२९ किलोमीटरच्या आसपास जाईल. कन्व्हर्टर आणि टायर यांची घसर जमेस धरता प्रत्यक्ष वेग याहून काहीसा कमी भरतो.

आता आरंभरेषेचा विचार. टर्बो ४०० असताना पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर २.४८ गुणिले ४.१०, म्हणजे १०.१७ होते. त्याच मोटारीत १.७६ चा पॉवरग्लाइड बसविला, तर ते ७.२२ वर येते. याचा अर्थ, सुटताना चाकांना मिळणारा पीळ जवळजवळ २९ टक्क्यांनी घटतो. हलक्या आणि भरपूर शक्तीच्या मोटारीला ही घट उपकारकच ठरते, कारण अतिरिक्त पीळ टायर घसरण्यातच वाया गेला असता. जड मोटारीत बेताच्या शक्तीचे इंजिन असेल, तर मात्र ती सुरुवातीलाच रेंगाळते. अशा मोटारीचा मालक 'शर्यतीतला नामांकित गिअरबॉक्स' म्हणून पॉवरग्लाइड बसवितो आणि वेळ सुधारण्याऐवजी बिघडते.

यावर उपाय म्हणून डिफरन्शियलचे गुणोत्तर वाढविता येते. ४.१० ऐवजी ४.५६ केले, तर पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर ८.०३ होते. पण त्याच ७,००० फेऱ्यांना मिळणारा कमाल वेग ताशी सुमारे २०६ किलोमीटरवर उतरतो. जुने १०.१७ पूर्णपणे भरून काढायचे, तर डिफरन्शियल ५.७८ चे हवे आणि मग अंतिम रेषेच्या कितीतरी आधीच, ताशी १६२ किलोमीटरला इंजिन आपली मर्यादा गाठील. एका बाजूने ओढलेले पांघरूण दुसऱ्या बाजूने उघडे पडते, तशातलाच हा प्रकार. म्हणून गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर ही निवड एकत्रितच करावी लागते.

गिअर बदलताना इंजिनाच्या फेऱ्या किती उतरतात हाही मुद्दा महत्त्वाचा. टर्बो ४०० मध्ये ७,००० वर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेऱ्या गणिताने सुमारे ४,१८० पर्यंत आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ४,७३० पर्यंत येतात. पॉवरग्लाइडमध्ये एकाच बदलात त्या सुमारे ३,९८० पर्यंत कोसळतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरीमुळे ही घसरगुंडी प्रत्यक्षात सौम्य होते. तथापि ज्या इंजिनाची खरी ताकद वरच्या फेऱ्यांतच आहे, त्याला त्या ताकदीच्या पट्ट्यात राखणारा कन्व्हर्टर निवडणे अपरिहार्य होते.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सोयरीक

गणित जुळल्यावर प्रश्न येतो तो प्रत्यक्ष जोडणीचा. इंजिनाच्या पाठीमागील बोल्टांच्या छिद्रांची रचना प्रत्येक कंपनीची निराळी असते. शेव्हरोलेची एक, फोर्डची दुसरी, क्रायस्लरची तिसरी. एवढेच नव्हे, तर जनरल मोटर्सच्याच ब्युइक, ओल्ड्समोबाइल आणि पॉन्टियाक या शाखांची रचना शेव्हरोलेपेक्षा वेगळी होती. इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागास 'बेल हाउसिंग' म्हणतात. पॉवरग्लाइड आणि टर्बो ४०० यांत तो कवचाशी एकसंध ओतलेला असतो. फोर्डच्या सी ४ मध्ये मात्र तो सुटा असतो.

एकसंध कवच वेगळ्या कंपनीच्या इंजिनाला जोडायचे, तर दोहोंच्या मध्ये जाड धातूचा जोडपट्टा बसवितात. दुसरा मार्ग म्हणजे मूळ बेल हाउसिंग कापून टाकून त्या जागी सुटे, मजबूत बेल हाउसिंग बोल्टांनी बसविणे. शर्यतीसाठी बनविलेली नवी कवचे याच पद्धतीची असतात. त्यामुळे केवळ बेल हाउसिंग बदलून तोच गिअरबॉक्स आज शेव्हरोलेच्या, तर उद्या फोर्डच्या इंजिनामागे लावता येतो.

बोल्ट बसले म्हणजे जोडणी झाली, असे मात्र नव्हे. इंजिनाच्या क्रॅंकशाफ्टची मध्यरेषा आणि गिअरबॉक्सची मध्यरेषा तंतोतंत एक असावी लागते. त्यासाठी इंजिनाच्या पाठीवर दोन मार्गदर्शक पिना असतात. क्रॅंकशाफ्टवर डायल गेज लावून, तो फिरवीत बेल हाउसिंगच्या गोलाकार भोकाची कड तपासली जाते. ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर एवढीच चूक सामान्यतः क्षम्य मानतात. चूक जास्त भरल्यास मध्य किंचित सरकविलेल्या विशेष पिना बसवून ती दूर करतात. या तपासणीला फाटा दिल्यास पंपाचे बुश आणि तेलाचे सील वारंवार जातात आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

शेव्हरोलेच्या 'एलएस' मालिकेतील इंजिनाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. १९९७ सालच्या कॉर्व्हेटपासून आलेले हे इंजिन आज हौशी स्पर्धकांमध्ये कमालीचे लोकप्रिय आहे आणि त्यामागे जुना पॉवरग्लाइड किंवा टर्बो ४०० जोडण्याचे काम असंख्य गॅरेजांत चालते. १९५५ पासून चालत आलेली शेव्हरोलेची बोल्टरचना या इंजिनात बहुतांशी कायम आहे. एक छिद्र वगळता बाकीची जुळतात. त्यामुळे जुना गिअरबॉक्स सहज बसतो आणि येथेच फसगत होते. काही अपवाद वगळता, या इंजिनाच्या क्रॅंकशाफ्टचे मागील टोक जुन्या इंजिनापेक्षा ०.४०० इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर आखूड आहे. ही दरी भरून काढणारी चकती, योग्य लांबीचे बोल्ट आणि त्या मापाची फ्लेक्सप्लेट न वापरल्यास कन्व्हर्टर जागेवरून पुढे ओढला जातो. पंपाला फिरविणाऱ्या त्याच्या खाचा मग पंपात अर्धवटच अडकतात. इंजिन सुरू होते, मोटार हलतेही. पण काही वेळातच पंपाचा चुरा होतो.

फ्लेक्सप्लेट म्हणजे क्रॅंकशाफ्ट आणि कन्व्हर्टर यांना जोडणारी, कडेला स्टार्टरचे दाते असलेली पातळ पोलादी चकती. तिच्या निवडीतही खाचखळगे आहेत. शेव्हरोलेच्या लहान व्ही ८ इंजिनांत १९८५ पर्यंत क्रॅंकशाफ्टवरील बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांचे होते. १९८६ पासून ते ३.०० इंचांचे झाले. काही इंजिनांचा, उदाहरणार्थ शेव्हरोले ४०० आणि ४५४ यांचा समतोल बाहेरून साधलेला असतो. म्हणजे फ्लेक्सप्लेटवर मुद्दाम एक वजन ठेवलेले असते. तेथे बिनवजनाची चकती लावली, तर इंजिनाला हादरे बसतात आणि त्याचे बेअरिंग अकाली झिजते.

टॉर्क कन्व्हर्टर : एक नाजूक प्रकरण

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लचची जागा टॉर्क कन्व्हर्टर घेतो. बंद भांड्यात समोरासमोर बसविलेल्या पात्यांच्या चक्रांपैकी एक इंजिनाबरोबर फिरते आणि तेलाच्या प्रवाहाने दुसऱ्याला फिरविते. मोटार उभी असताना हा कन्व्हर्टर इंजिनाला किती फेऱ्यांपर्यंत चढू देतो, त्या आकड्यास 'स्टॉल' म्हणतात. रस्त्यावरील मोटारीत तो सुमारे दोन हजारांच्या आसपास असतो. शर्यतीच्या मोटारीत तो पाच हजारांच्याही वर नेला जातो, जेणेकरून इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यातूनच झेप घेईल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुणधर्म नव्हे. तोच कन्व्हर्टर अधिक पीळ देणाऱ्या इंजिनामागे अधिक फेऱ्यांवर स्थिरावतो. म्हणूनच कन्व्हर्टर बनविणारे कारागीर मोटारीचे वजन, इंजिनाची शक्ती, कॅमशाफ्ट, टायर आणि डिफरन्शियल यांची माहिती घेतल्याशिवाय काम हाती घेत नाहीत. गिअरबॉक्स बदलून जुनाच कन्व्हर्टर चालविण्याची काटकसर बहुधा महागात पडते.

बसविण्याची पद्धतही काटेकोर आहे. कन्व्हर्टर प्रथम गिअरबॉक्समध्ये फिरवीत फिरवीत पूर्ण आत सारला जातो. इनपुट शाफ्ट, स्टेटरचा आधार आणि पंप अशा टप्प्यांत तो आत बसतो. मग बेल हाउसिंग इंजिनाला टेकवून बोल्ट आवळले जातात. त्या वेळी कन्व्हर्टर मोकळेपणाने हाताने फिरला पाहिजे. त्याचे कान आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारणपणे ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावे. तेवढा तो पुढे ओढून बोल्टांनी जोडला जातो. अंतर मुळीच नसेल, तर बोल्ट आवळताना पंप दाबला जाऊन फुटतो आणि इंजिनाच्या थ्रस्ट बेअरिंगवर सतत भार येतो. अंतर फार असेल, तर खाचा पंपात पुरेशा अडकत नाहीत. बेल हाउसिंग इंजिनाला नीट टेकत नाही म्हणून बोल्टांच्या जोरावर ते ओढून घेणे, ही या कामातील सर्वांत घातक चूक समजली जाते.

मागची बाजू

नवा गिअरबॉक्स क्वचितच जुन्याइतक्याच लांबीचा असतो. त्यामुळे त्याला खालून आधार देणारा आडवा दांडा सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. टर्बो ३५० चे आखूड शेपटीचे रूप आणि पॉवरग्लाइड यांची लांबी जवळजवळ सारखी असून दोघांच्याही आउटपुट शाफ्टवर २७ खाचा असतात. ही अदलाबदल त्यामानाने सोपी. टर्बो ४०० ला मात्र ३२ खाचा असल्याने शाफ्टच्या पुढील टोकाचा योकही बदलावा लागतो. योक पूर्ण आत गेल्यावर त्याला मागेपुढे सरकण्यासाठी सुमारे दोन सेंटिमीटरची मोकळीक ठेवतात. मोटार झेप घेताना मागील आस वरखाली होतो, त्या वेळी ही मोकळीक नसेल, तर योक गिअरबॉक्सच्या पाठीवर धडका देतो.

प्रोपेलर शाफ्टभोवती पोलादी कडे बसविणे हीदेखील आवश्यक बाब. पुढील सांधा तुटल्यास शाफ्टचे टोक जमिनीत रुतून मोटार उलटू शकते. हे कडे शाफ्टला खाली पडू देत नाही. त्याखेरीज गिअर बदलण्याचा दांडा चुकून मागच्या गिअरमध्ये जाऊ नये यासाठी अटकाव, न्यूट्रल किंवा पार्क स्थितीखेरीज इंजिन सुरू होऊ न देणारी कळ आणि तेल थंड ठेवणारा स्वतंत्र कूलर या गोष्टी गिअरबॉक्सबरोबरच बसविल्या जातात. तापलेले तेल हा स्वयंचलित गिअरबॉक्सचा मोठा शत्रू होय.

शर्यतीच्या गिअरबॉक्समध्ये 'ट्रान्सब्रेक' ही आणखी एक खास सोय असते. बटण दाबून धरले की पहिला गिअर आणि मागचा गिअर एकाच वेळी गुंततात. त्यामुळे गिअरबॉक्स जागच्या जागी जखडला जातो आणि चालकाला इंजिन कन्व्हर्टरच्या स्टॉलपर्यंत चढविता येते. हिरव्या दिव्याच्या बेताने बटण सोडताच विद्युतचुंबकीय झडप मागचा गिअर मुक्त करते आणि मोटार उसळते. पाय ब्रेकवरून काढण्यापेक्षा बोट बटणावरून उचलणे अधिक नेमके. ब्रॅकेट शर्यतीत जेथे शतांश सेकंदावर निकाल लागतो, तेथे या सोयीचे मोल सांगावयास नको. मात्र त्या क्षणी गिअरबॉक्सच्या आतील भागांवर पडणारा ताण प्रचंड असतो. मूळ कारखान्याचे भाग त्यासाठी बनविलेलेच नव्हते.

गार्लिट्स यांचा अपघात आणि त्यानंतर

हे सारे सोपस्कार कशासाठी, याचे उत्तर ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर घडलेल्या घटनेत सापडते. फ्लॉरिडाचे डॉन गार्लिट्स हे त्या काळातील या खेळाचे सर्वांत ख्यातनाम चालक. आपल्या 'स्वॉम्प रॅट १३' या मोटारीत त्यांनी स्वतः विकसित केलेला दोन गिअरचा गिअरबॉक्स बसविला होता. तत्कालीन रचनेत इंजिन पुढे असे आणि चालक मागील आसाच्याही मागे, गिअरबॉक्सला जवळजवळ पायांत घेऊन बसे. अंतिम फेरीसाठी मोटार सुटताच गिअरबॉक्सचा स्फोट झाला. मोटारीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांनी उजव्या पावलाचा काही भाग गमावला. उडालेल्या तुकड्यांनी एक प्रेक्षकही गंभीर जखमी झाला.

या घटनेने खेळाचे रूप पालटले. प्रकृती सावरत असतानाच गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेल्या मोटारीचा आराखडा केला. अशा रचनेचे प्रयोग पूर्वीही झाले होते. पण त्या मोटारी सरळ धावत नाहीत, असा त्यांच्याविषयी आक्षेप होता. गार्लिट्स यांनी सुकाणूची रचना बदलून तो दूर केला आणि १९७१ मध्ये पोमोना येथील 'विंटरनॅशनल्स' स्पर्धा याच मोटारीने जिंकली. अवघ्या काही वर्षांत टॉप फ्युएल गटातून पुढे इंजिन असलेल्या मोटारी जवळजवळ नाहीशा झाल्या. आज या गटातील मोटारींत नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सच नसतो. अनेक चकत्यांचा, केंद्रोत्सारी बलावर हळूहळू आवळत जाणारा क्लच शक्ती थेट मागील आसाकडे नेतो. सोबत मागे येण्यापुरती एक यंत्रणा असते.

हौशी स्पर्धकांच्या मोटारींत मात्र इंजिन अजूनही पुढेच असते आणि गिअरबॉक्स चालकाच्या पायांशेजारी. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी मानकांवर येते. शर्यतीच्या साहित्याची मानके 'एसएफआय फाउंडेशन' ही अमेरिकी संस्था ठरविते. फ्लेक्सप्लेटसाठी २९.१, तिच्याभोवतीच्या संरक्षक कवचासाठी ३०.१, तर स्वयंचलित गिअरबॉक्सच्या कवचासाठी ४.१ असे क्रमांक आहेत. ठरावीक वेगाच्या पुढे जाणाऱ्या मोटारींना ही साधने सक्तीची असून तपासनीस ती मोटारीवर पाहूनच धावण्याची परवानगी देतात. गिअरबॉक्सभोवती गुंडाळलेले जाड आवरण किंवा त्यावरील पोलादी कवच स्फोट थांबवीत नाही. तो स्फोट चालकाच्या पायांपर्यंत पोहोचू देत नाही, एवढेच.

धोक्याचे एक जाणते उदाहरण म्हणजे टॉर्कफ्लाइट ७२७. त्यातील मागचा एकदिशा क्लच निकामी झाल्यास पुढील ड्रम इंजिनाच्या फेऱ्यांच्याही कितीतरी पुढे वेगाने फिरू लागतो आणि फुटतो. ओतीव ड्रमचे तुकडे अॅल्युमिनियमचे कवच भेदून बाहेर पडतात. म्हणूनच जाणकार या गिअरबॉक्समध्ये भक्कम पोलादी ड्रम आणि मजबूत क्लच बसविल्याशिवाय शर्यतीत उतरत नाहीत. धावपट्टीवर चाके घसरवून टायर तापविताना तो पहिल्याच गिअरमध्ये ठेवून नंतर अचानक पाय काढू नये, हाही संकेत त्यातूनच रूढ झाला.

भारतातील वाचकांसाठी

भारतात ड्रॅग शर्यतींची परंपरा अल्प असली, तरी लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात झालेल्या शर्यतींनी महाराष्ट्रातील तरुणांचे लक्ष वेधून घेतले. इंजिनाची शक्ती वाढविण्याकडे असलेला ओढा येथेही दिसतो. तथापि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शर्यतीची मोटार आणि रस्त्यावरची मोटार या दोन भिन्न वस्तू आहेत, हे येथे कायम स्मरणात ठेवावयास हवे. ट्रान्सब्रेक आणि पाच हजारांचा कन्व्हर्टर घेऊन सार्वजनिक रस्त्यावर उतरणे हे बेकायदा तर आहेच, शिवाय अशा गिअरबॉक्समधील तेल शहराच्या वाहतुकीत काही मिनिटांतच उकळू लागते.

गिअरबॉक्स-बदलाचे काम करणाऱ्या अनुभवी कारागिरांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम मोटारीचे वजन, टायर व इंजिनाची ताकद यांचा हिशेब, मग गुणोत्तरांची निवड, मग बोल्टरचना, क्रॅंकशाफ्ट आणि फ्लेक्सप्लेटची मापे, त्यानंतर मध्यरेषेची तपासणी, कन्व्हर्टरचे अंतर, शाफ्टची लांबी आणि शेवटी संरक्षक कवचे. तेल भरून, मोटार भक्कम स्टँडवर उचलून, दाब आणि गळती तपासल्यावरच ती जमिनीवर उतरविली जाते. या क्रमातील प्रत्येक पायरीला तासाभराचा वेळ लागतो आणि ती गाळण्याचा मोहही तेवढाच असतो. धावपट्टीवर मात्र गाळलेल्या पायरीचा हिशेब चुकता व्हायला काही सेकंद पुरतात.